जगाने स्टीफन हॉकिंगचा म्हणून जो आवाज ऐकला, तो खरं तर डेनिस क्लॅट यांचा होता

मे महिन्यात देवगडला जा. कुठल्याही आंब्याच्या दुकानात काउंटरवर एक छोटा डबा ठेवलेला दिसेल. तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवले की तो डबा मराठीतून मोठ्याने सांगतो, अमुक इतके रुपये मिळाले. मालक मान वरसुद्धा करत नाही, पेटीला दोरी बांधत राहतो.

तिथून कुणकेश्वरच्या रस्त्याला लागलात की मोबाइलमधला मॅप सांगतो, डावीकडे वळा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या रील बघायला घ्या, दहातल्या तीन-चार रीलवर बोलणारा माणूस नसतोच. कोणीतरी मजकूर टाइप केलेला असतो आणि मशीन तो वाचत असते.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय, की मशीनला बोलायला शिकवलं कोणी, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

याचं श्रेय एकाच माणसाला देता येणार नाही. अडीचशे वर्षांत बऱ्याच लोकांचे हात याला लागलेत. पण एक नाव वगळून ही गोष्ट सांगता येत नाही. ते नाव म्हणजे डेनिस क्लॅट.

आवाजाच्या अभ्यासकांमध्ये हे नाव आजही आदराने घेतलं जातं. तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचा आवाज नक्की ऐकलाय. व्हीलचेअरवर बसलेले स्टीफन हॉकिंग, आणि खुर्चीला जोडलेल्या यंत्रातून येणारा तो सपाट, किंचित अमेरिकन वळणाचा आवाज आठवा. हॉकिंग इंग्लंडचे आणि आवाज अमेरिकन, हे कसं काय? कारण तो आवाज मुळात क्लॅट यांच्या गळ्यातून आलेला होता.

डेनिस क्लॅट यांचा जन्म ३१ मार्च १९३८ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. पर्ड्यू विद्यापीठातून १९६० साली पदवी, पुढच्या वर्षी पदव्युत्तर पदवी आणि १९६४ साली मिशिगन विद्यापीठातून पीएचडी. १९६५ साली ते एमआयटीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. तिथे केनेथ स्टीव्हन्स यांचा एक गट माणूस नेमका बोलतो कसा आणि ऐकतो कसा, यावर काम करत होता. इंजिनिअर असलेले क्लॅट त्यात रमले.

ते आले तेव्हा बोलणाऱ्या मशीनची परिस्थिती काय होती?

मशीन बोलत होती, पण धड कोणाला कळत नव्हतं. १७९१ साली वुल्फगँग फॉन केंपेलेन यांनी आपल्या बोलत्या यंत्रावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्या यंत्रात फुफ्फुसांच्या जागी भाता होता, स्वरयंत्राच्या जागी पिपाणीसारखी पट्टी होती आणि तोंडाच्या जागी रबराची नळी. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅबच्या होमर डडली यांचा व्होडर लोकांनी ऐकला. तो पियानोसारखा बोटांनी वाजवावा लागायचा आणि वाजवणाऱ्या मुलींना महिनोन्महिने सराव करावा लागायचा. १९६१ साली त्याच बेल लॅबमध्ये आयबीएमच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरने एक इंग्रजी गाणं म्हणून दाखवलं. लोक थक्क झाले.

पण या सगळ्यात एक मेख होती. यंत्राला काय बोलायचं हे दर वेळी माणसाने जोडून द्यावं लागायचं. समोर छापील कागद ठेवला आणि मशीनने तो स्वतःहून वाचला, असं होत नव्हतं. आंधळ्या माणसाला एखादं पुस्तक हवं असेल, तर त्याला यातल्या एकाही यंत्राचा उपयोग नव्हता.

आता इथे थोडं टेक्निकल होऊया. हे कळल्याशिवाय क्लॅट यांनी काय केलं ते कळणार नाही.

मशीनला बोलतं करायचे ढोबळमानाने दोन जुने मार्ग. पहिला मार्ग तुम्ही कणकवली स्टेशनवर उभं राहून ऐकू शकता. कोकणकन्या येणार अशी घोषणा होते, तेव्हा गाडी क्रमांकातला एकेक आकडा वेगळा रेकॉर्ड केलेला असतो. मशीन ते तुकडे शोधून एकामागोमाग लावते. आवाज खऱ्या माणसाचा असतो, पण जोड जाणवतात. शिवाय जे शब्द रेकॉर्डच केलेले नाहीत, ते अशी मशीन बोलू शकत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे काहीही रेकॉर्ड करायचं नाही. आवाज गणिताने तयार करायचा. क्लॅट या वाटेने गेले.

एक छोटा प्रयोग करून बघा. एकाच पट्टीत लांबलचक आ म्हणा आणि मध्ये न थांबता त्याची ई करा. गळ्यातली पट्टी बदलली नाही, तरी आवाज बदलला. कशाने? तोंडाच्या आतल्या पोकळीचा आकार बदलला म्हणून. नळाखाली कळशी भरताना, ती किती भरली हे न बघता नुसत्या आवाजावरून कळतं ना, तसंच. पोकळी बदलली की घुमणारा सूर बदलतो.

गळ्यातले स्वरतंतू फक्त एक गुणगुणता सूर काढतात. हार्मोनियमची पट्टी दाबून धरावी तसा. त्या सुरातल्या काही कंपनांना तोंड, जीभ आणि ओठ मिळून उचलून धरतात. अशा उचललेल्या कंपनसंख्यांना म्हणतात फॉर्मंट. साधारण पुरुषाच्या आवाजात आ म्हणताना पहिला फॉर्मंट ७०० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ११०० च्या आसपास असतो. ई म्हणताना पहिला उतरून ३०० जवळ येतो आणि दुसरा चढून २२०० च्याही वर जातो. कान स्वर ओळखतो तो मुख्यतः या दोन-तीन आकड्यांवरून.

म्हणजे ते आकडे कळले, तर तोंड नसलं तरी चालेल. कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून आवाज बनवू शकतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण बोलताना माणूस एका आकड्यावर थांबत नाही. प वरून आ वर जाताना, आ वरून न वर जाताना सगळे आकडे सतत सरकत असतात. शिवाय स, श सारख्या अक्षरांना गळ्यातला सूर नसतोच, नुसती वाऱ्याची घासणी असते. क्लॅट यांच्या यंत्रणेत आवाज घडवणारे जवळपास ४० आकडे होते आणि त्यातले बदलणारे आकडे दर ५ मिलिसेकंदांनी नव्याने द्यावे लागायचे. एका सेकंदात २०० वेळा. हे आकडे मिळवायचे कुठून, तर खऱ्या माणसाचं बोलणं मोजून. आणि सर्वात हाताशी असलेला माणूस कोण? स्वतः क्लॅट.

त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्याचे आलेख काढले, कॉम्प्युटरचा आवाज त्याच्या शेजारी ठेवला, फरक शोधला, आकडा बदलला आणि पुन्हा ऐकलं.

यातलं एक काम मला फार आवडतं, कारण ते कोणाच्या डोळ्यांत भरणारं नाही. क्लॅट अक्षरांची लांबी मोजत बसायचे. एकच शब्द वाक्याच्या मध्ये आला की आपण तो पटकन म्हणतो आणि शेवटी आला की लांबवतो. आंबा पिकला म्हणा आणि मग पिकला आंबा म्हणा, दुसऱ्या वेळी आंबा जास्त वेळ रेंगाळतो. बोलताना आपल्याला याची जाणीवही नसते. पण मशीनने सगळ्या अक्षरांना सारखा वेळ दिला, तर ऐकणाऱ्याला ते बोलणं वाटतच नाही, यादी वाचल्यासारखं वाटतं. १९७० च्या दशकात क्लॅट यांनी इंग्रजीसाठी या लांबीचे नियम बसवले. मोजून दहा-अकरा नियम. पुढची कितीतरी वर्षं मशीनचं इंग्रजी त्या चालीवर चालत राहिलं.

त्याच दशकात एमआयटीत जोनाथन अॅलन, शेरी हनिकट आणि क्लॅट यांनी मिळून एक यंत्रणा उभी केली, एमआयटॉक. यात साधा इंग्रजी मजकूर टाकला की तो वाचून दाखवला जायचा. त्यासाठी शब्दांचे सुमारे १२ हजार घटक साठवलेले होते आणि जे त्यात नाहीत त्यांच्यासाठी स्पेलिंगवरून उच्चार काढायचे नियम होते. इंग्रजी स्पेलिंगचा छळ आपण सगळ्यांनी शाळेत सोसलाय, त्यामुळे हे काम किती किचकट असेल हे वेगळं सांगायला नको.

मग आलं १९८०.

त्या वर्षी अमेरिकेच्या अकॉस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात क्लॅट यांचा एक निबंध छापून आला. आवाज बनवणारी आपली यंत्रणा त्यांनी त्यात समजावून सांगितली आणि सोबत तिचा आख्खा प्रोग्रॅमही देऊन टाकला. फोर्ट्रान भाषेतला, ओळ न ओळ. ज्याच्याकडे कॉम्प्युटर असेल त्याने तो टाइप करावा आणि आवाज काढावा.

मला विचाराल तर डेक आणि हॉकिंगच्या गोष्टी बाजूला ठेवल्या तरी क्लॅट यांचं सगळ्यात मोठं काम हेच. तोपर्यंत असा आवाज म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेतली वस्तू होती. या निबंधानंतर तो जगभरच्या विद्यापीठांत पोचला. आजही आवाजाच्या अभ्यासात क्लॅट सिंथेसायझर हा शब्द सर्रास वापरला जातो, यंत्राला माणसाचं नाव पडलंय.

अर्थात त्यांनी पुढचं पाऊल व्यावसायिकही टाकलं. एमआयटॉकपेक्षा आटोपशीर अशी क्लॅटटॉक नावाची यंत्रणा त्यांनी तयार केली आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच डेक या त्या काळच्या बड्या कॉम्प्युटर कंपनीने ती घेतली. १९८४ साली डेकटॉक हा डबा बाजारात आला. किंमत सुमारे ४ हजार डॉलर. कॉम्प्युटरला जोडा, मजकूर पाठवा, डबा बोलतो.

डेकटॉकमध्ये एक नाही, नऊ आवाज होते आणि त्यांची नावं ऐकून कळतं की क्लॅट यांना गंमत करायला आवडत असणार. भारदस्त आवाजाचा ह्यूज हॅरी, थकलेला फ्रेल फ्रँक, खरखरीत रफ रीटा, कुजबुजणारी व्हिस्परिंग वेंडी, तोऱ्यात बोलणारी अपिटी अर्सुला आणि एक चक्क डॉक्टर डेनिस.

पण मुख्य आवाज होता परफेक्ट पॉल. डबा चालू केला की तोच बोलायचा. आणि तो क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावरून घडवलेला होता. ब्यूटिफुल बेटी हा बाईचा आवाज त्यांच्या पत्नीच्या आवाजावरून आणि किट द किड हा लहान मुलाचा आवाज त्यांच्या मुलीच्या आवाजावरून केलेला. म्हणजे आई, बाप आणि लेक, अख्खं घर त्या डब्यात बसलं होतं.

यातला बाईचा आवाज मात्र त्यांना कायम छळत राहिला. तुम्हाला वाटेल, पुरुषाच्या आवाजाची पट्टी वर केली की झाला बाईचा आवाज. तसं होत नाही, तसं केलं की कार्टूनसारखं ऐकू येतं. बायकांच्या गळ्याची आणि तोंडाची लांबी वेगळी, त्यामुळे फॉर्मंट वेगळे. स्वरतंतू मिटण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे आवाजात श्वास मिसळलेला असतो. आणि पट्टी उंच असल्यामुळे फॉर्मंट मोजणंच अवघड होतं. तोवरचं बहुतेक संशोधन पुरुषांच्या आवाजावर झालेलं होतं, ते करणारेही बहुतेक पुरुषच. क्लॅट यांनी शेवटच्या काही वर्षांत बायकांच्या आवाजावर सविस्तर काम केलं. त्यावरचा मोठा निबंध १९९० साली छापून आला. तेव्हा क्लॅट हयात नव्हते.

आता हॉकिंग यांच्याकडे येऊ.

१९८५ साली स्टीफन हॉकिंग जिनिव्हाला गेले होते, सर्न या प्रयोगशाळेत. तिथे त्यांना न्यूमोनिया झाला. जीव वाचवायला डॉक्टरांनी श्वासनलिकेला छेद दिला आणि हॉकिंग यांचा आवाज कायमचा गेला. मोटर न्यूरॉनच्या आजाराने शरीर आधीच साथ सोडत होतं, तरी तोवर जवळच्यांना समजेल इतपत ते बोलत होते. आता तेही संपलं. समोर कोणीतरी अक्षरांचा तक्ता धरायचं आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलायचे. असं एकेक अक्षर करत एक शब्द.

कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वोल्टोझ यांनी त्यांना एक प्रोग्रॅम दिला, इक्वलायझर नावाचा. बोटाने एक बटण दाबून पडद्यावरचे शब्द निवडायचे. निवडलेलं वाक्य बोलून दाखवायला स्पीच प्लस या कंपनीचं यंत्र जोडलं होतं. हे यंत्र डेकटॉक नव्हतं, इथे इंटरनेटवर बऱ्याच जणांची गल्लत होते. पण त्याचं मूळही एमआयटीतल्या त्याच कामात होतं आणि त्याचा आवाजही क्लॅट यांच्याच आवाजावरून आलेला. एकाच आवाजाच्या दोन बहिणी म्हणा.

१९८८ च्या एप्रिलमध्ये हॉकिंग यांचं अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम आलं. पुस्तक जगभर गेलं, मुलाखती सुरू झाल्या आणि तो आवाज घरोघरी पोचला.

त्याच वर्षी क्लॅट यांचा स्वतःचा आवाज जात होता.

त्यांना घशाच्या भागातला कर्करोग झाला होता. आयुष्यभर ज्या गळ्याची मोजमापं घेतली, त्याच गळ्याने दगा दिला. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं घोगऱ्या कुजबुजीवर आलं होतं. हॉकिंग सभागृहात बोलत होते, आणि ज्याचा तो आवाज, त्याला जेमतेम बोलता येत होतं.

आजारपणातही त्यांनी एक मोठं काम हातावेगळं केलं होतं. १९८७ साली इंग्रजी वाचणाऱ्या यंत्रांचा सगळा इतिहास त्यांनी एका दीर्घ निबंधात मांडला. आणि नुसता लिहिला नाही, सोबत एक ध्वनिमुद्रिका दिली. व्होडरपासून ते स्वतःच्या डेकटॉकपर्यंतची यंत्रं त्यात एकापाठोपाठ बोलतात. आवाजाचा इतिहास वाचून कळत नाही, ऐकावा लागतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यातले बरेच नमुने आज इंटरनेटवर सापडतात. कानाला हेडफोन लावून एकदा ऐकाच, पन्नास वर्षांत यंत्राचं बोबडं बोलणं कसं स्वच्छ होत गेलं ते दहा मिनिटांत कळतं.

३० डिसेंबर १९८८ ला डेनिस क्लॅट गेले. वय ५०.

माणूस गेला, पण परफेक्ट पॉल कामावर राहिला. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या सरकारी हवामान रेडिओने बातमीपत्र वाचायचं काम त्याच्याकडे दिलं. म्हणजे आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार काय ते समजतात, तसं तिकडे चक्रीवादळाचा इशारा हा आवाज द्यायचा. लोकांनी कुरकुरही केली, कारण वादळ असो की कोवळं ऊन, पॉलचा सूर एकच. काही वर्षांनी तिथे नवे आवाज आले.

दरम्यान असे आवाज डब्यातून निघून थेट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये येऊन बसले होते. २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मॅकिंटॉश लोकांसमोर आणला तेव्हा तो कॉम्प्युटर स्वतःच बोलला. पुढच्या वर्षी आलेल्या अमिगा कॉम्प्युटरमध्ये बोलण्याची सोय सिस्टीमसोबतच मिळत होती. यांचे प्रोग्रॅम वेगळ्या लोकांनी लिहिलेले, पण रीत तीच, फॉर्मंटची. मग विंडोज २००० सोबत मायक्रोसॉफ्ट सॅम आला. सायबर कॅफेत विंडोज एक्सपीवर सॅमकडून वेडीवाकडी वाक्यं म्हणवून घेतलेली पिढी आता तिशी-चाळिशीत असेल. २००७ साली मॅकवर आलेला अॅलेक्स तर वाक्याच्या आधी श्वासही घ्यायचा. हा रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांचा जमाना होता, मेमरी स्वस्त झाली होती आणि एका माणसाचे तासन्‌तास रेकॉर्ड केलेले तुकडे साठवणं परवडत होतं. २०१६ साली डीपमाइंडचं वेव्हनेट आलं आणि न्यूरल आवाजांचं पर्व सुरू झालं. आज रीलवर ऐकता ते आवाज याच घराण्यातले.

हॉकिंग यांना मधल्या काळात यापेक्षा चांगले आवाज देऊ केले गेले. त्यांनी जुना सोडला नाही. लोक आता मला याच आवाजाने ओळखतात, असा त्यांचा हिशोब होता. जानेवारी २००१ मध्ये ते टीआयएफआरच्या परिषदेसाठी मुंबईत आले, ८ जानेवारीचा आपला ५९ वा वाढदिवसही त्यांनी मुंबईतच साजरा केला. मुंबईकरांनी त्यांना ऐकलं तेव्हा कानावर पडलेला आवाज १२ वर्षांपूर्वी वारलेल्या क्लॅट यांचा होता. सभागृहात किती जणांना ते माहीत असेल, कोण जाणे.

पण यंत्र म्हातारं होत होतं आणि सुटे भाग मिळेनासे झाले होते. शेवटी काही इंजिनिअर मंडळींनी ते जुनं यंत्र जसंच्या तसं सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचा घाट घातला. त्यात १९८० च्या दशकात मूळ यंत्रावर काम केलेले एरिक डॉर्सीही होते. जानेवारी २०१८ मध्ये तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवर तो आवाज हुबेहूब चालू लागला. हॉकिंग यांना तो पसंत पडला. दोनच महिन्यांनी, १४ मार्चला ते गेले.

१५ जून २०१८ ला वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. त्या दिवशी युरोपियन स्पेस एजन्सीने हॉकिंग यांचं बोलणं व्हँजेलिस यांच्या संगीतासह स्पेनमधल्या अँटेनावरून एका कृष्णविवराच्या दिशेने पाठवलं. ते कृष्णविवर सुमारे ३५०० प्रकाशवर्षं दूर आहे. मिलवॉकीच्या इंजिनिअरचा आवाज अजून तिकडे चाललाय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजीचं झालं, मराठीचं काय?

मराठीपर्यंत ही वाट आली, उशिरा आली. १९९६ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या साधना या नियतकालिकात (साने गुरुजींचं साप्ताहिक नव्हे, हे इंजिनिअरिंगचं) भारतीय भाषांसाठी फॉर्मंट आणि नियमांच्या पद्धतीने आवाज बनवण्यावर निबंध आला. पुढे आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने देशातल्या अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज केले, त्यात मराठीही होती. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड सेवेत आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आणले.

आणि या भाषेत मशीनला वेगळेच खाचखळगे लागतात. मराठीत लिहितो तसं बोलतो असं आपण अभिमानाने सांगतो खरं. मग देवगड हा शब्द बघा. चारही अक्षरं पूर्ण लिहिलेली आहेत. पण व आणि ड मधला अ आपण गिळतो. मशीनला हे कोणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती दे-व-ग-ड असं चार पायऱ्या उतरल्यासारखं म्हणते. तीच गत मालवण आणि कणकवलीची. चार या आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला च वेगळा, लिहायला मात्र अक्षर एकच. आपल्याला आईच्या मांडीवर कळलं, मशीनला नियम लिहून द्यावे लागतात किंवा ढीगभर रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं. 

ढीगभर रेकॉर्डिंग ज्या भाषेकडे नाही, तिथे क्लॅट यांची जुनी रीत कामाला येते. ईस्पीक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. फॉर्मंटवर चालतो, आकाराने अगदी लहान, शंभराहून जास्त भाषा बोलतो आणि त्यात मराठी आहे. त्याच्या पर्यायांमध्ये क्लॅट या नावाचे आवाजही आहेत. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर, २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलेला. त्याच्यासोबत ईस्पीक आपोआप येतो. ज्या अंध विद्यार्थ्याला महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, तो मराठी पुस्तक, परीक्षेचा फॉर्म, बातम्या, सगळं याच्यावर ऐकू शकतो, इंटरनेट नसलं तरी.

तो आवाज ऐकून तुम्ही नाक मुरडाल. रोबोटसारखा वाटतो. पण सरावलेले अंध लोक स्क्रीन रीडर आपल्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने लावतात, आपल्याला एक शब्द कळत नाही आणि त्यांचं अख्खं पान ऐकून झालेलं असतं. त्या वेगाला माणसासारखे गोड आवाज एकमेकांत मिसळून जातात. नियमांनी घडवलेला कोरडा आवाज तिथेही स्वच्छ राहतो, कारण त्याचं प्रत्येक अक्षर मोजून कापलेलं असतं. म्हणूनच न्यूरल आवाजांचा एवढा बोलबाला असताना २०२२ साली अॅपलने आयओएस १६ मध्ये एलोक्वेन्स हा १९९० च्या दशकातला फॉर्मंट पद्धतीचा आवाज आयफोनवर आणला. अंध वापरकर्ते तो कित्येक वर्षांपासून मागत होते.